आय-फाइव्ह की आय-सेव्हन? तुम्ही विचारलंत म्हणून

"ऑफिससाठी नवा लॅपटॉप मागवायचाय. आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" नाशिकच्या कॅनडा कॉर्नरचं सीए ऑफिस असो, अंबडचा कारखाना असो की पिंपळगाव बसवंतचं द्राक्षाचं पॅकहाउस, प्रश्न बहुतेक याच शब्दांत येतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशेब, रिटर्न, मेल, एक्सेल हे काम असेल तर आय-फाइव्ह घ्या. तिथे वाचलेले पैसे अशा गोष्टींत घाला ज्या नंतर बदलता येत नाहीत. फाइली साठवणारी ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, पुढच्या वर्षी मोठी बसवता येते, विंडोज होमचं प्रो करता येतं. पण बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डागलेली) मेमरी म्हणजे रॅम, फिकट स्क्रीन, नसलेलं लॅन (नेटवर्कच्या वायरीचं) पोर्ट यांना मागाहून इलाज नाही. कोटेशनच्या प्रत्येक ओळीपुढे थांबून एवढंच विचारा, की हे नंतर बदलता येईल का? 'हो' असेल तिथे हात आखडता घ्या, 'नाही' असेल तिथे सैल सोडा.

प्रोसेसरचं आधी उरकतो. आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे इंटेलचे प्रोसेसर. त्यांची नावं आता 'कोअर अल्ट्रा 5', 'अल्ट्रा 7' अशी झाली आहेत, पण 5 आणि 7 पेक्षा शेवटचं अक्षर जास्त सांगून जातं. 'यू' म्हणजे साधारण 15 वॉटचा, बॅटरी जपणारा. 'एच' म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. पातळ बॉडीत महागडा सेव्हन बसवला की तो थोड्या वेळात तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्याने हे आवर्जून लक्षात घ्यावं. 'व्ही'ने संपणारे अल्ट्रा बॅटरीला फार चांगले आहेत, पण त्यांची मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, 16 किंवा 32 जीबी. जी घ्याल ती कायमची. दुसरी कंपनी एएमडी. तिच्या रायझन प्रोसेसरच्या 7000 मालिकेत तिसरा अंक बघा, आतल्या रचनेची (झेन) पिढी त्यावरून कळते. 7520यू, 7530यू, 7540यू ही भावंडं वाटतात, पण पहिला झेन 2, दुसरा झेन 3 आणि तिसरा झेन 4 पिढीचा आहे. डीलरच्या यादीत तिन्ही नुसते 'रायझन 5' म्हणूनच लिहिलेले असतात.

आता मेमरी. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कोटेशनमध्ये '16 जीबी डीडीआर5' एवढंच लिहिलेलं असतं. ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे, स्लॉटमध्ये आहे, की निम्मी इथे आणि निम्मी तिथे, हे त्यातून कळत नाही. कंपनीच्या तपशीलपत्रात मात्र हे स्पष्ट असतं. लेनोवोचं पीएसरेफ, एचपीचं क्विकस्पेक्स ही पत्रं फुकट बघायला मिळतात. 'सोडिम' लिहिलं असेल तर काढता-घालता येते. 'सोल्डर्ड' किंवा 'ऑनबोर्ड' असेल तर नाही, आणि 'एलपीडीडीआर' लिहिलेली जवळपास नेहमी सोल्डर केलेलीच निघते. सोल्डर्ड असेल तर किमान 16 घ्या, पाच वर्षं वापरायचा असेल तर 32. स्लॉट दोन असतील तर 16 जीबीची एकच पट्टी मागवा. दोन आठच्या पट्ट्या घेतल्या तर वाढवताना निदान एक, बहुधा दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. एका पट्टीने ग्राफिक्सचा वेग थोडा कमी राहतो, पण ऑफिसच्या कामात ते जाणवत नाही.

8 जीबी घेऊ नका. विंडोज 11 आणि अँटिव्हायरस मिळून त्यातली जवळपास निम्मी खातात, शिवाय प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही त्यातूनच आपला वाटा काढतं. मग एकीकडे टॅली, दुसरीकडे जीएसटीचं पोर्टल, दोन मोठ्या एक्सेल फाइली आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडले की मेमरी पुरत नाही, मशीन तिच्याऐवजी एसएसडीवर लिहू-पुसू लागतं आणि रखडतं, आणि लोक म्हणतात की प्रोसेसर कमी पडला. 2025च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे इथे काटछाट करायचा मोह होईल. सोल्डर्ड मशीनमध्ये तरी तो आवरा.

एसएसडी 512 जीबीची पुरते. फक्त ती बसते ती जागा किती लांबीची आहे ते विचारा. 2280 म्हणजे 80 मिलिमीटर लांब, बाजारात सहज मिळणारी. 2242 आणि 2230 आखूड असतात आणि त्यांत निवड कमी मिळते.

स्क्रीनला लोक फक्त इंचात मोजतात. कोटेशनमध्ये '250 निट्स, 45 टक्के एनटीएससी' दिसलं तर तो पर्याय बदला. निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप, एनटीएससी रंगांचं. 250 निट्स म्हणजे खिडकीशेजारी बसलात की अक्षरं धूसर, आणि 45 टक्के एनटीएससी म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम 60-65 टक्के. ग्राहकाला द्राक्षाच्या मण्यांचा किंवा पैठणीचा रंग स्क्रीनवर दाखवायचा असेल तर हा पॅनेल तुम्हाला खोटं पाडतो. 300 निट्स ही किमान पातळी धरा, शक्य असेल तर 400 निट्स आणि 100 टक्के एसआरजीबी. आकारात 1920 बाय 1080 पेक्षा 1920 बाय 1200 घ्या. वाढलेल्या 120 ओळींत एक्सेलच्या पाच-सहा रांगा जास्त दिसतात, आणि दिवसभर खातेवही बघणाऱ्याला ते सुख रोज मिळतं. टचस्क्रीन बहुतेक वेळा चकचकीत असते, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. खरी गरज नसेल तर टाळा.

बॅटरी वॉट-अवरमध्ये मोजा, 'तीन सेल, चार सेल' ऐकून समाधान मानू नका. एकाच मॉडेलला साधारण 45 आणि 57 असे दोन पर्याय असतात. ऑफिसकामाला सरासरी 9 वॉट लागतात असं धरलं तर पहिल्यावर पाच तास आणि दुसऱ्यावर सव्वासहा. वीज कधीही जाणाऱ्या ठिकाणी हा सव्वा तास मोलाचा आहे. मोठी बॅटरी नंतर बसवू म्हणाल तर काही मॉडेलमध्ये आतला साचाच वेगळा असतो. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच राहणार असेल तर पहिल्याच दिवशी चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर लावा. सतत 100 टक्के भरलेली आणि गरम राहणारी बॅटरी लवकर फुगते आणि टचपॅड वर उचलते.

पोर्टांकडे आपल्याकडच्या कामाच्या नजरेने बघावं लागतं. डिजिटल सहीचे टोकन बहुतेक जुन्या चौकोनी यूएसबी-एचेच असतात. नुसती टाइप-सी पोर्टं असलेला देखणा लॅपटॉप घेतला, की ई-टेंडरच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी टोकन लावायला अडॅप्टर शोधावा लागतो, आणि स्वस्त अडॅप्टरवर टोकनचं कनेक्शन मध्येच तुटतं. सही अर्धवट राहते, पुन्हा पिन टाका, पुन्हा सुरुवात. म्हणून दोन यूएसबी-ए हवीतच, एक टोकनला आणि एक प्रिंटरला. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) जोडायचं असेल तर अंगचं लॅन पोर्ट मागा. जुन्या सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आरएस-232 या जुन्या सीरिअल पोर्टातून प्रोग्रॅम चढवायचा असेल तर यूएसबी-सीरिअल कन्व्हर्टर लागेल. तो एफटीडीआय कंपनीच्या खऱ्या चिपचा घ्या. नकली चिपवर प्रोग्रॅम मधेच अडकतो किंवा अक्षरं गाळतो, आणि सीएनसीवर गळलेला एक दशांश-बिंदू म्हणजे तुटलेलं टूल. सॉलिडवर्क्ससारखं थ्रीडी काम रोजचं असेल तर आय-फाइव्हचा सल्ला तुम्हाला लागू नाही. एच प्रोसेसर, 32 जीबी आणि प्रमाणित ग्राफिक्स कार्ड असलेलं वर्कस्टेशन बघा.

चार्जिंगचं टाइप-सी पोर्ट एकच नको, दोन हवीत. ते बहुधा मदरबोर्डवरच असतं. चार्जर लावलेला असताना वायरीत पाय अडकला आणि पोर्ट हललं, की खर्च पोर्टाचा होत नाही, बोर्डाचा होतो. आणि धातूची बॉडी घेणार असाल तर आधी ऑफिसचं अर्थिंग तपासून घ्या. भद्रकाली-पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. मग मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. तो लॅपटॉपचा दोष नाही. चार्जरमधून नेहमीच झिरपणारा थोडासा प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की तुमच्या हातातून जातो.

दौऱ्यावर असणाऱ्यांनी सिमकार्डच्या पर्यायाकडे बघावं. आज मॉडेम नको असेल तरी 'वॅन रेडी' हा पर्याय असेल तर घ्या. त्यात अँटेनाच्या वायरी झाकणातून आधीच फिरवलेल्या असतात, मॉडेम नंतर बसवता येतो. बॅकलिट कीबोर्ड आणि बोटाच्या ठशाचा सेन्सर यांचंही तसंच. थोड्या पैशांत आज मिळतात, नंतर त्यासाठी वरचा अख्खा भाग बदलावा लागतो.

विंडोजबद्दल थोडक्यात. विंडोज 10चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला, तेव्हा 11च घ्या. ऑफिसात सर्व्हरचं डोमेन असेल किंवा घरून याच लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल तर प्रो. नाहीतर होम चालेल. कुठलंही घ्या, एन्क्रिप्शनची, म्हणजे ड्राइव्हला लागणाऱ्या कुलपाची, रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा. सर्व्हिसवाला मदरबोर्ड बदलतो तेव्हा या कुलपाची किल्ली सांभाळणारी जुनी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर जाते, आणि पुढच्या चालू करण्याला विंडोज 48 अंकी की मागतं. नसली तर डेटा गेला.

वॉरंटीवर मात्र मन मोठं करा. स्वस्त कोटेशनमध्ये एक वर्षाची, मशीन केंद्रात घेऊन जायची वॉरंटी असते. व्यवसायासाठी तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्त करणारी घ्या. 'नेक्स्ट बिझनेस डे' हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. दुसरा दिवस मोजला जातो तो फोनवर बिघाड निश्चित झाल्यानंतर, आणि सुटा भाग बाहेरगावाहून यायचा असेल तर आणखी एक-दोन दिवस जातात. आपला पिनकोड सांगून लेखी उत्तर मागा, विशेषतः सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे ऑफिस असेल तर. तीन वर्षांच्या वॉरंटीतही बॅटरीला सहसा एकच वर्ष असतं, तिचा विस्तार वेगळा विकत घ्यावा लागतो. पाणी-चहा सांडणं, पडणं याला अपघाती संरक्षण वेगळं, तेही खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळतं. ग्राहकांचा डेटा सांभाळणाऱ्या सीए-वकिलांनी बिघडलेली ड्राइव्ह स्वतःकडे ठेवण्याचा पर्यायही घ्यावा. नाहीतर बदललेली जुनी ड्राइव्ह कंपनीकडे जाते.

ऑर्डर देण्याआधी डीलरकडून पूर्ण पार्ट नंबर लेखी घ्या, नुसतं मॉडेलचं नाव नको. एकाच नावाखाली दहा-दहा वेगळी मशीन असतात. कारखान्यातून आपल्या पसंतीने जुळवून मागवलेलं मशीन यायला काही आठवडे लागतात आणि सहसा परत घेतलं जात नाही, म्हणून मार्चअखेर गाठायची असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला हला. बिलावर तुमचा जीएसटीआयएन अचूक हवा. 18 टक्क्यांचं क्रेडिट त्यावरच अवलंबून आहे, आणि क्रेडिट घेतलं तर त्या रकमेवर घसारा लावता येत नाही.

खोका आला की डीलरचा माणूस असतानाच उघडा. खोका, लॅपटॉपचा तळ आणि बिल या तिन्ही ठिकाणचा सीरिअल नंबर एक आहे का बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'फॉर्म फॅक्टर'समोर 'सोडिम' दिसतं की 'रो ऑफ चिप्स' (म्हणजे सोल्डर्ड), ते मागवल्याप्रमाणे आहे का ताडून घ्या. शेवटी सीरिअल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची सुरुवात आणि शेवट बघा. डीलरकडे चार महिने पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी काही वेळा तेव्हापासूनच चालू झालेली दिसते. बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते. हे काम पहिल्याच आठवड्यात करा.