कंस मिटला, फाइल उघडीच

सी भाषेत लिहिलेला माझा नोंदवहीचा प्रोग्रॅम आता दोन फाइल्स एकदम वाचून ओळींना क्रमांक देतो. या टप्प्यात बराचसा वेळ एकाच प्रश्नावर गेला आणि तो सत्कारणी लागला: फंक्शन संपलं की नेमकं काय काय संपतं?

फंक्शनच्या आत एफपी हा फाइल पॉइंटर (उघडलेल्या फाइलकडे बोट दाखवणारं चल) जाहीर केला, एफओपनने फाइल उघडली आणि एफक्लोजने बंद न करताच बाहेर आलो, तर महिरपी कंस मिटताच एफपी संपतो. फाइल मात्र उघडीच राहते आणि ती बंद करायला हातात काही उरत नाही. हे डोळ्यांनी बघायचं म्हणून ते फंक्शन मुद्दाम लूपमध्ये टाकलं. माझ्या लिनक्सवर एका प्रोसेसला १०२४ फाइल्सची मर्यादा आहे. इनपुट, आउटपुट आणि एरर हे तीन प्रवाह आधीच उघडे असतात. १०२१ फाइल्स बिनबोभाट उघडल्या, पुढच्या खेपेला एफओपनने नल, म्हणजे फाइल न उघडल्याची खूण असलेला रिकामा पॉइंटर दिला आणि चुकीचं कारण सांगणाऱ्या पीएररने छापलं, ‘टू मेनी ओपन फाइल्स’. नल तपासा असं सगळेच सांगतात, पण तो असा समोर आला की तपासणीची सवय आपसूक लागते.

शॅडोइंग, म्हणजे आतल्या कंसातल्या चलाने बाहेरच्या त्याच नावाच्या चलाला झाकणं, हेही याच वाटेवरचं. बाहेर एफपी नल ठेवून इफच्या आत तो पुन्हा जाहीर केला, तर फाइल आतल्या एफपीला मिळते आणि बाहेरचा नलच राहतो. जीसीसी या कंपायलरचा इशारे देणारा ‘वॉल’ पर्याय यावर गप्प बसतो, ‘डब्ल्यूशॅडो’ वेगळा द्यावा लागतो. नवशिक्यांनी तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

ओळींचा क्रमांक आधी फंक्शनमधल्या स्टॅटिक इंट या पूर्णांक चलात होता. त्याची सुरुवात आपोआप शून्यापासून होते आणि कॉल संपला तरी किंमत टिकते. एका फाइलला हे पुरतं, दोन आल्या की दोन्हींची मोजणी एकातच मिसळते. म्हणून आता स्ट्रक्ट, म्हणजे अनेक चलांचा एक गट केला: फाइल पॉइंटर आणि त्या फाइलचा क्रमांक एकत्र, मेनमध्ये जाहीर केलेले, बाकी फंक्शन्सना फक्त पत्ता. सगळ्या फंक्शन्सना दिसणारं ग्लोबल चल एकही उरलं नाही.

फाइलमधून एकेक बाइट वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर इंटमध्येच घेतोय. साइन्ड कॅर या एका बाइटच्या प्रकारात घेतलं तर २५५ किमतीचा खराखुरा बाइटही ईओएफसारखा, म्हणजे फाइल संपल्याच्या खुणेसारखा दिसतो. यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या मजकुरात तो बाइट कधीच येत नाही, म्हणून ही चूक बराच काळ लपून राहू शकते.

आता लिहिण्याची बाजू. एफओपनचा ‘डब्ल्यू’ हा लिहिण्याचा मोड जुना मजकूर उघडताक्षणी पुसतो, त्यामुळे सी११ या सी भाषेच्या २०११च्या मानकातला ‘डब्ल्यूएक्स’ वापरणार आहे; फाइल आधीच असेल तर तो उघडायलाच नकार देतो.