प्रोसेसर पुरेसा होता, पण मशीनला दिसत नव्हता

सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी घरच्या सर्व्हरवरचं व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) मी त्याच्यावरच रेटत होतो. शेवटी एका रविवारी नवं मशीन बनवून अल्मालिनक्स ९ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) जोडली आणि चहा टाकायला उठलो. येऊन बघतो तर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभाच थांबलेला. 'अटेम्प्टेड टू किल इनिट.' इनिट म्हणजे कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम.

आधी आयएसओवर संशय. चेकसम (फाइल धड उतरलीय का ते सांगणारा आकडा) जुळला. मग रॅम वाढवली, उगाचच. तिसऱ्या वेळी त्या गचाळ पडद्यावरची वरची एक ओळ धडपणे वाचली: 'सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२'. व्ही२ म्हणजे प्रोसेसरला किमान कोणत्या सूचना कळायला हव्यात, त्याची दुसरी पायरी.

हे काही पटेना. माझा आय५ तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. म्हातारा खरा, पण व्ही२ ला लागणाऱ्या एसएसई ४.२, पॉपसीएनटी वगैरे सूचना इंटेलकडे २००८ च्या नेहालेम पिढीपासून आहेत. अल्मा ज्यातलं, त्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ च्या घराण्यातली जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) हे सगळं असणारच असं धरून बांधलेली असते. नसलं की इनिटच पहिल्या पावलाला मरतो, मग कर्नल तरी काय करणार?

जुनं सेंटओएस चालू करून सीपीयूइन्फो या फाइलमधले फ्लॅग (प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी) वाचले. 'पीएनआय' होता (एसएसई३ चं हे बारशाआधीचं नाव, ते शोधण्यात अर्धा तास गेला), पण एसएसएसई३, एसएसई४_२, पॉपसीएनटी गायब. होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, तीच फाइल उघडली तर सगळे हजर!

घोळ माझाच. कित्येक वर्षं व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगची एकच एक्सएमएल फाइल कॉपी करत आलोय आणि त्यात सीपीयू मॉडेल 'केव्हीएम६४'. ते मुद्दाम कमी सांगतं, म्हणजे मशीन चालू असताना वेगळ्या प्रोसेसरच्या होस्टवर हलवता येतं. माझ्याकडे दुसरा होस्टच नाही.

'व्हर्श एडिट' कमांडने ती फाइल उघडून 'होस्ट-पासथ्रू' (होस्टचा प्रोसेसर आहे तसा दाखव) लिहिलं, रीसेट मारलं, परत तेच पॅनिक. मशीन पूर्ण बंद करून चालू केल्यावरच नवं मॉडेल लागू होतं, हे मग आठवलं. पाच मिनिटांत इन्स्टॉलर समोर.

नंतर प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या लोडरला '--हेल्प' देऊन पाहिलं. व्ही२ पुढे 'सपोर्टेड', व्ही३ पुढे काहीच नाही, कारण त्याला लागणारं एव्हीएक्स२ या पिढीत नाहीच. अल्मा १० च्या नेहमीच्या आयएसओला व्ही३ लागतं, म्हणजे ती इथे चालणार नाही. व्ही२ साठी त्यांनी वेगळी काढलीय, ती उतरवून ठेवलीय.