तुम्ही विचारलंत म्हणून: सायक्लोन टेलर आणि ते जहाज

कॅनडात व्हँकुव्हरला आल्यापासून मला आइस हॉकीचं वेड लागलं, आणि त्यातही शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेड टेलरचं. त्याच्या वेगामुळे सगळे त्याला सायक्लोन म्हणायचे. मंडळाच्या गणपतीत त्याचं नाव काढलं की कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, आपल्या माणसांना परत धाडलं त्या कोमागाता मारू जहाजावर गेलेला इमिग्रेशन अधिकारी तोच ना? आणि तो तुम्हाला आवडतो?"

हो, तोच. आणि आवडतो.

तेव्हा संघात सात जण असत. सातवा तो रोव्हर, जागा ठरलेली नसलेला, बर्फभर फिरणारा. टेलर तिथे शोभायचा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हौशी खेळाचं सोवळं फार कडक, पैसे घेतले की वाळीत. म्हणून 1906 मध्ये तो सीमेपलीकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या हॉटनला गेला. गाव तांब्याच्या खाणींचं, आणि तिथली लीग खेळाडूंना उघडउघड पैसे द्यायची. 1909-10 च्या मोसमात तर रेनफ्रू या छोट्या गावाने 12 सामन्यांसाठी त्याला 5,250 डॉलर मोजले.

पण त्याआधी, 1907 मध्ये ऑटवाच्या संघाने त्याला मानधनासोबत इमिग्रेशन खात्यात नोकरी लावून दिली होती. ती त्याने कधी सोडली नाही. हे मला कळतं. माझे काका कबड्डीवर रेल्वेत लागले. गुडघा गेला, मैदान सुटलं, पण घर चाललं ते त्या नोकरीवर. टेलरचा मोसम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष काय खायचं?

तीच नोकरी करत तो व्हँकुव्हरला आला. 23 मे 1914 ला कोमागाता मारू बंदरात आलं. 376 प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. कॅनडाचा नियम असा की मायदेशातून मध्ये कुठेही न थांबता थेट यायला हवं, आणि हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. आपली माणसं येऊ नयेत म्हणूनच केलेला तो नियम. जहाजावर सर्वांत आधी चढलेल्या अधिकाऱ्यांत टेलर होता. दोन महिने लोक अन्नपाण्यावाचून तडफडले. 23 जुलैला जहाज परत पाठवलं. कोलकात्याजवळ बजबजला पोहोचल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

पुढच्याच मार्चमध्ये टेलरच्या व्हँकुव्हर संघाने ऑटवाला सलग तीन सामन्यांत हरवून स्टॅनले कप, म्हणजे आइस हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला. या शहराला तो कप पुन्हा कधी मिळाला नाही.

तो हुकमाचा ताबेदार होता, असं म्हणून मी त्याला सोडवत नाही. पुढे तो त्याच खात्यात मोठ्या पदाला चढला. ज्या पगाराने त्याला निर्धास्तपणे खेळू दिलं, तो पगार आपल्या लोकांना दारातून परतवण्याचा होता. त्याचा खेळ मला आवडतो, आणि हे दुखतं. दोन्ही खरं आहे, आणि मला एकही खोडायचं नाही.

तो कप जिंकला ते डेनमन अरीना हे बंदिस्त मैदान 1936 मध्ये जळालं. व्हँकुव्हरची थंडी बर्फ धरत नाही, म्हणून तिथे यंत्राने बर्फ गोठवायचे. आता तिथे बाग आहे. तिथून पाण्याच्या कडेकडेने चालत गेलं की कोल हार्बरवर कोमागाता मारूचं स्मारक लागतं. दर 23 मेला मी मुलाला घेऊन त्या वाटेने जाते. तो हॉकी खेळतो. आम्ही सुरुवात बागेपासून करतो आणि फुलं स्मारकापाशी ठेवतो.