जिम्नी बर्फ प्रकल्प, नोंद ६ : ड्युरोमीटरचा काटा अखेर थांबला

नोंद ५ मधला टायरच्या रबराच्या कडकपणाचा तक्ता आधी खोडून टाका. त्यात उणे १८ अंशांना एमटीचं (मड-टेरेन, चिखलाचा टायर) रबर एटीपेक्षा (ऑल-टेरेन, सगळ्या वाटांचा टायर) मऊ दिसत होतं. त्या आकड्यांच्या भरवशावर कुणी एमटी घालून जानेवारीत हिमाचलमधल्या काझाला निघणार असेल तर थांबा. मोजणीच चुकली होती. चूक कुठे झाली हे आता सापडलंय, आणि ती सापडेपर्यंत तीन आठवडे गेले.

नवीन वाचकांसाठी एवढंच: जिम्नी घेऊन बर्फात काझाला जायचंय, त्यासाठी टायर निवडायचेत. साताऱ्यात बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे पकड मोजता येत नाही, पण रबर थंडीत किती कडक होतं हे मोजता येतं. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी मिश्रणाचं रबर ताठरायला लागतं. मग ते बर्फाच्या खाचाखोचांत बसत नाही, वरून सरकतं. म्हणून शोअर ए ड्युरोमीटर (पिन दाबून रबराचा कडकपणा सांगतो; आकडा जितका मोठा तितकं रबर कडक) आणि तीन तापमानं: खोलीत २५, तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ४, आईस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८.

पहिली गफलत वेळेची. फ्रीझरमधून टायरचा तुकडा काढून टेबलावर ठेवून मोजला की पिन टेकेपर्यंत वरचा थर गरम झालेला असतो. एकाच तुकड्याचे पाच आकडे घेतले तर पाचवा पहिल्यापेक्षा सहा-सात अंकांनी मऊ येत होता. उपाय स्वयंपाकघरात निघाला: सपाट बिडाचा तवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, तुकडा त्यावर, आणि मोजणी फ्रीझरच्या आतच, झाकण हातभर उघडून. बीड थंडी धरून ठेवतं आणि खाली कडक आधारही मिळतो. तुकडा निदान ६ मिमी जाड हवा, नाहीतर पिन रबराऐवजी तव्याचा कडकपणा सांगायला लागते. ड्युरोमीटर मात्र मोजायची वेळ येईपर्यंत बाहेरच ठेवा. त्याची स्प्रिंग गारठली तर ती वेगळीच भाषा बोलते.

दुसरी गफलत दवाची. तुकड्यावर बसलेला पातळ थर डोळ्यांना दिसतही नाही, पण पिन त्याच्यावर टेकते. तुकडे झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून ठेवले आणि मोजण्याआधी कोरड्या मलमलीने एकदाच पुसले, की हा प्रश्न मिटतो.

तिसरी, आणि जवळजवळ सगळेच करतात ती: हाताने दाबणं. रबर हळूहळू बसत जातं, त्यामुळे एका सेकंदाचा आकडा आणि पंधरा सेकंदांचा आकडा वेगळा. आता ड्युरोमीटर स्टँडवर, वर किराणा दुकानातलं एक किलोचं वजन, आणि तीन सेकंदांनी वाचन. पाच ठिकाणी मोजून मधला आकडा घ्यायचा, सरासरी नाही. ऑनलाइन मिळणारा काट्याचा स्वस्त ड्युरोमीटर या कामाला पुरतो. डिजिटलच्या नादी लागू नका, थंडीत आधी त्याची बॅटरी मान टाकते.

हे सगळं सुधारलं, आकडे एका जागी यायला लागले. तरीही उणे १८ ला एमटी ८१, एटी ८३. उलटंच!

मग तुकडे ज्या टायरचे होते त्यांच्या साइडवॉल, म्हणजे बाजूच्या भिंती, पाहिल्या. एमटीचा तुकडा साइडवॉल फाटलेल्या जवळपास कोऱ्या टायरचा होता. एटीचा तुकडा रिमोल्डवाल्याकडच्या भंगारातला, कोड १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. इतक्या वर्षांत रबरातलं तेल उडतं, ऑक्सिजन आपलं काम करतो आणि मिश्रण कितीही चांगलं असो, ते वाळतं. हा तुकडा २५ अंशांनाच ७४ दाखवत होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. आपण मिश्रण नाही, वय मोजत बसलो होतो.

मग २०२४ चा कोरा, बर्फकणाचं चिन्ह (त्याबद्दल खाली) असलेला एटी घेतला. कोऱ्या टायरचा तुकडा कोण कापणार? अख्खा टायर फ्रीझरमध्ये उभा केला तर झाकण चार बोटं वर. शेवटी सातारा एमआयडीसीतल्या एका आईस्क्रीम वितरकाच्या कोल्ड रूममध्ये एक रात्र. रुंद मधल्या ब्लॉकवर, म्हणजे नक्षीतल्या रबरी ठोकळ्यावर, कडेपासून शक्य तितकं आत मोजून (नियम १२ मिमीचा आहे, पण साइपमुळे, म्हणजे ब्लॉकवरच्या बारीक चिरांमुळे, तेवढी सलग जागा मिळत नाही, म्हणून एटीचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित मऊ आलाय असं धरा) आलेले आकडे असे:

एमटी: २५ अंशांना ६४, ४ अंशांना ६९, उणे १८ ला ८१.
कोरा एटी: ६२, ६५, ७०.

खोलीत दोन अंकांचा फरक, फ्रीझरमध्ये अकराचा. दुकानात अंगठ्याने दाबून टायर निवडणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आता एक गोष्ट ड्युरोमीटर सांगत नाही. चिखलात टायर स्वतःला साफ करणारा हवा, म्हणून एमटीचे ब्लॉक मोठे आणि मधली दरी रुंद. बर्फात नेमकं उलटं. बर्फाला बर्फ चिकटतो. गोळेवाला कीस काडीभोवती दाबतो तेव्हा तो एकजीव होतो, तसाच टायरच्या खाचांत बर्फ ठासून बसायला हवा. तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. त्यावर ब्लॉकवरच्या बारीक साइप, म्हणजे शेकडो जास्तीच्या कडा. एमटी सगळा बर्फ फेकून देतो आणि चार गुळगुळीत ठोकळ्यांवर उभा राहतो. कासच्या वाटेवरच्या लाल चिखलात तो राजा आहे, हे मान्यच.

चिन्हांबद्दल पुन्हा एकदा, कारण दुकानदार अजून एम प्लस एस (मड आणि स्नो) दाखवून "बर्फाचा टायर आहे साहेब" म्हणतात. एम प्लस एस हा नक्षीवरून कंपनीने स्वतः लावलेला शिक्का, त्यामागे चाचणी लागत नाही. तीन शिखरं आणि आत बर्फकण हे चिन्ह मिळवायला दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावरची पकड मात्र त्यातही येत नाही. तिथे चाकांवर चढवायची चेनच. आणखी एक, एकाच मॉडेलच्या सगळ्या साइजवर ते चिन्ह असेलच असं नाही. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित यादीत आहे, त्यामुळे परदेशी रिव्ह्यूमधला टायर आणि आपल्याकडे मिळणारा टायर एकच आहे असं धरू नका. पैसे देण्याआधी साइज, चिन्ह आणि चार आकडी तारीख, तिन्ही दिसतील असे साइडवॉलचे फोटो मागा. कॅटलॉगचा फोटो पाठवणाऱ्याला रामराम.

साइजचा निर्णय इथे फिरला. नोंद ४ मध्ये २१५/७५ आर १५ ठरला होता (पहिला आकडा रुंदीचा, मिमीमध्ये). कंपनीचा १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिमी व्यास, २१५/७५ म्हणजे साधारण ७०३. व्यासाची काहीच अडचण नाही. अडचण आतल्या बाजूला आहे, कारण त्याच रिमवर टायर आत १० मिमी सरकतो. कणकेचे घट्ट गोळे करून टायरची आतली साइडवॉल आणि पुढचा रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारा दांडा) यांच्यामध्ये चिकटवले, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, आणि दबलेली कणीक सुरीने कापून व्हर्नियरने मोजली. १९५ ला चेनची कडी आणि वर थोडी हालचाल, दोन्ही बसतात. २१५ ला कडी जेमतेम बसते, म्हणजे फिरताना झोका घेतला की आर्मवर घासणार. चेन ९, १२, १६ मिमी अशा कडीच्या मापात येतात. कणकेचा आकडा हातात असल्याशिवाय ऑर्डर करू नका. शिवाय अरुंद टायर पातळ बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. म्हणून १९५ च. दिसायला बारीक दिसेल, दिसू दे.

चेन चारही चाकांना. दोनच मागे घातल्या तर उतारावर गाडी थांबायला बघते, पण पुढचं टोक वळत नाही. चढवल्यावर शंभर मीटर चालवून पुन्हा ताणायच्या. ही तालीम घरीच, हातमोजे घालून करा.

हे लिहितानाच हवेचा हिशेब डोक्यात आला. सगळे फक्त थंडीचं गणित करतात: साताऱ्यात ३० अंशांना २८ पीएसआय भरले तर उणे २० ला साधारण २१ होतील. पण काझा ३,८०० मीटरवर आहे. तिथे बाहेरचा हवेचा दाब साताऱ्यापेक्षा सुमारे ४ पीएसआयने कमी, म्हणून गेज तेवढं वर दाखवतं. प्रत्यक्षात काटा २५-२६ वर येईल. म्हणजे निघताना "थंडीसाठी" सहा-सात पीएसआय जास्त भरणं चूक आहे. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा तिथे पोचल्यावर, सकाळी, चाकं फिरायच्या आधी मोजायचा.

एमटीच्या ब्लॉकवर गरम ब्लेडने साइप पाडायचा बेत रद्द. रबरच ८१ ला पोचत असेल तर कडा वाढवून काय साधणार, आणि दगडावर ब्लॉकचे लचके तुटतील ते वेगळंच. अस्सल विंटर टायरही बाद. जाण्याचेच दोन हजारांहून जास्त किलोमीटर, त्यातले बहुतेक तापलेल्या डांबरावर. इतकं मऊ रबर तिथेच झिजेल.

पुढच्या वेळी: त्याच एटीच्या चार नगांचे चारही तारीख कोड, आणि १२ मिमीची चेन चढवून कणकेची मोजणी पुन्हा. सांगली-मिरजेकडे कुणाकडे मागच्या वर्षभरातल्या तारखेचा, बर्फकणवाला दुसऱ्या कंपनीचा एटी असेल तर एका रात्रीसाठी हवाय. कोल्ड रूमची सोय आहे, टायर धुऊन आणा.