३८० मतांचा वराडकर

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि गावाकडून माझ्या मोबाईलवर मेसेजचा पाऊस पडला. 'आपला माणूस!' मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव, तेव्हा आम्हा सिंधुदुर्गवाल्यांची कॉलर ताठ होणारच. पण मी राहतो डब्लिनच्या पश्चिमेला, त्यांच्याच जुन्या मतदारसंघात, आणि इथून तो माणूस जरा वेगळा दिसतो.

डॉ. अशोक वराडकर साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे मिरिअम या आयरिश नर्सशी लग्न केलं आणि पुढे डब्लिनला येऊन स्थायिक झाले. लिओ तीन भावंडांत धाकटे, जन्म १९७९ चा, तोही डब्लिनमधलाच. म्हणजे परदेशात येऊन बस्तान बसवलं ते वडिलांनी. मुलगा इथलाच.

मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात आवडता आकडा ३८० आहे. १९९९ मध्ये, मेडिकलला असतानाच, विशीतला हा पोरगा मलहडर्ट भागातून नगरसेवकपदाला उभा राहिला आणि पहिल्या पसंतीची ३८० मतं घेऊन आपटला. २००३ मध्ये फाइन गेल या त्यांच्या पक्षाची एक जागा रिकामी झाली, तिथे त्यांना बसवलं. (इथे नगरसेवकाची पोटनिवडणूक होत नाही, जागा साधारणपणे त्याच पक्षाकडे जाते.) २००४ मध्ये मात्र ४,८९४ मतं, त्या वेळी देशात सर्वाधिक. २००७ ला खासदार. मग वाहतूक, आरोग्य, समाजकल्याण अशी खाती, आणि ३८ व्या वर्षी पंतप्रधान.

इथलं मतदान आपल्या विधान परिषदेसारखं, पसंतीक्रमाचं. लांबलचक कागद, उमेदवारांचे फोटो, दोरीला बांधलेली पेन्सिल. नावापुढे १, २, ३ लिहीत जायचं. दुसरी-तिसरी पसंती मिळवायची तर विरोधकाच्या मतदाराचंही दार वाजवावं लागतं, त्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं. मोजणी हाताने, फेरी फेरीने. २०२० मध्ये पंतप्रधानपदावर असलेले वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले! पहिल्या फेरीत शिन फेन या विरोधी पक्षाचा उमेदवार त्यांच्या पुढे होता. कुणाचा मुलगा आहेस, हे त्या पेन्सिलीला कळत नाही.

'आपला माणूस'वाले एक गोष्ट सांगत नाहीत. २००८ च्या मंदीत, विरोधी पक्षात असताना, याच वराडकरांनी सुचवलं होतं की बेकार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकरकमी देऊन मायदेशी परत जाण्याचा पर्याय द्यावा. स्थलांतरिताच्या मुलाने! मला ते अजून खटकतं. पण ते उजव्या विचारांचे, बाजारावर भरवसा असलेले नेते आहेत, हे त्यांनी कधी लपवलं नाही. जसं २०१५ मध्ये, समलिंगी विवाहाच्या सार्वमताच्या चार महिने आधी, आपण समलिंगी असल्याचं रेडिओवर सरळ सांगून टाकलं. डिसेंबर २०१९ मध्ये ते आईवडील आणि जोडीदारासह वराडला गेले तेव्हा गावाने जंगी स्वागत केलं. जोडीदाराचा विषय मात्र आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी अलगद ओलांडला.

कोविडमध्ये त्यांनी पुन्हा डॉक्टर म्हणून नोंदणी करून आठवड्यातून एक पाळी काम केलं, ते मला मनापासून आवडलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात दोन सार्वमतांत सरकार सपाटून हरलं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत.

आता इथली मराठी मंडळी विचारतात, पुढचा वराडकर कधी? आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, उभं राहायलासुद्धा नाही. इथे राहत असलात की पुरे. आमच्या गणपतीला हॉल ओसंडून वाहतो. मतदारयादीत नाव कुणाकुणाचं आहे, असं मी आरतीनंतर विचारलं की सगळ्यांना प्रसादाची घाई होते.