वायफाय असताना वायर कशाला?

'वायफाय इतकं वेगवान झालंय, मग भिंतीतून केबल कशाला ओढायची?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

वायफायचा वेग एका चॅनेलवरच्या सगळ्या उपकरणांत वाटला जातो. एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्यासाठीही. इथरनेट, म्हणजे केबलवरचं नेटवर्कही, मुळात असंच होतं. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी ते मांडलं, तेव्हा सगळे संगणक एकाच कोॲक्सियल केबलवर होते. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर, मग पुन्हा पाठवा. पुढे स्विच (सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात ती पेटी) आले, प्रत्येकाला स्वतंत्र वायर मिळाली आणि टक्करच संपली. हवेत ही सोय नाही. म्हणून जे जागचं हलत नाही, ते वायरवर ठेवा: डेस्कटॉप, टीव्ही, कॅमेरे आणि खुद्द वायफायचा सिग्नल देणारा ॲक्सेस पॉइंटसुद्धा.

नवीन केबल टाकताना कॅट ६ए या दर्जाची घ्या. १०० मीटरपर्यंत सेकंदाला १० गिगाबिट मिळतं. कॅट ६ वर ते साधारण ५५ मीटरपर्यंतच. तार शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध जास्त असतो, त्यामुळे केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे लांब अंतरावर बंद-चालू होत राहतात.

खरी गडबड होते ती टोकांना. केबलमधल्या आठ तारा पिळलेल्या चार जोड्यांत असतात; जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. प्लगमधला रंगक्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अनेकजण जोड्या शेजारी-शेजारी लावतात, दोन्हीकडे सारख्याच. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीऐवजी दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पीळ निरुपयोगी ठरतो आणि डेटा वाटेत बिघडतो.

दुसरा दोष याहून फसवा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. लिंक स्पीड (जोडणीचा वेग) तपासा. आधी पॅचकॉर्ड (सॉकेटपासून उपकरणापर्यंतची छोटी केबल) बदलून बघा, मग टोकं नव्याने क्रिंप करा, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवा.

भिंतीत जुनी कॅट ५ई असेल तर लगेच फोडू नका. २.५ आणि ५ गिगाबिटचं २०१६ चं मानक अशा आधीच टाकलेल्या केबलींसाठीच आलं. दोन्ही टोकांना २.५ गिगाबिटचे पोर्ट लावून आधी मोजून बघा.