कल्ले लाल आहेत का बघ

लहानपणी अ‍ॅक्वेरियम म्हणजे तारापोरवाला, मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ सालचं. आता ते बंद आहे म्हणून परवा आत्याला घेऊन उपनगरातल्या एका छोट्याशा अ‍ॅक्वेरियमला गेलो, जिथे सगळे मासे इथलेच, खाडीतले नि किनाऱ्यावरचे. क्लाउनफिश वगैरे रंगीत काही नाही, त्यामुळे पोरं पाच मिनिटांत कंटाळली, पण आत्या एकदम माहेरी आल्यासारखी. पाट्यांवर इंग्रजी नि लॅटिन नावं, ती वाचायच्या आधीच हिचं सुरू, "ही बोय, हा जिताडा, ही खाडीतली चिंबोरी, अमावास्येला भरलेली असते बघ."

जिताड्याच्या काचेला नाक लावून ती म्हणाली, "कल्ले लाल आहेत हां." मला हसू आलं. चाळीस वर्षं बाजारात कोळणीशी हुज्जत घालत, अंगठ्याने कल्ला वर करून, आत लाल दिसला तरच मासा घेणारी बाई! पण इथे तो कल्ला आपला आपणच उघडत होता, मिटत होता, मधेच आतलं लाल दिसून गायब होत होतं, आणि ती बघतच राहिली. मी दोनदा चल म्हटलं, तर "थांब रे." मी सांगितलं की जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाला की मादी होतो, तर म्हणाली, "म्हणजे मोठे मोठे आणले त्या सगळ्या बायकाच?" आणि गप्प झाली.

निवट्यांच्या टाकीत पाणी कमी, चिखल जास्त. परांवर रेटा देत सरकतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, आणि ते डोक्यावरचे डोळे, सरळ आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. कालवणातल्या निवटीला डोळे असतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं, खरं सांगतो.

जाताना आत्याने तिथल्या मुलाला विचारलं, पापलेट कुठेय? २०२३ मध्ये राज्यमासा झालाय ना तो? तो म्हणाला, नाही ओ आजी. मग बोंबील तरी? तो म्हणाला, बोंबील जाळ्यातून वर येईस्तोवरच जातात, टाकीत कसे ठेवणार.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "म्हणजे एवढे तळले, आणि पोहणारा एकही नाही बघितला."